अपोद्धाराचा अधिकार : प्रतिमा, फिल्टर आणि ‘मूळ’

१

प्रतिमा अलंकृत करणे आणि प्रतिमेच्या आधारे असत्य सांगणे ह्या दोन कृतींमधील सीमा कोठे आखावयाची, हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात ठिकठिकाणच्या स्टुडिओंमधून निगेटिव्हवर पेन्सिल फिरविणारे आणि कृष्णधवल छापावर रंग चढविणारे हात काम करू लागले. मात्र ह्या प्रश्नाचे आजचे रूप वेगळे आहे. जे काम पूर्वी कारागिराच्या हाताचे होते ते आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील एका ओळीत येऊन बसले आहे, आणि ही ओळ ज्याची प्रतिमा आहे त्याच्याच बोटाखाली असते. म्हणून प्रतिमेच्या सत्यासत्यतेची चर्चा ह्यापुढे केवळ प्रतिमेपाशी थांबू शकत नाही. ती अॅपच्या इंटरफेसपर्यंत, म्हणजे साधन आणि माणूस ह्यांच्यामध्ये उभ्या केलेल्या रचनेपर्यंत न्यावी लागते.

ह्या रचनेचे एक परिचित स्थळ घेता येईल. पश्चिम रेल्वेवर वैतरणा आणि केळवे रोड ह्यांच्यामध्ये सफाळे हे स्थानक आहे. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वेला तांदुळवाडीचा डोंगर व किल्ला, पश्चिमेला खाडी आणि समुद्रकाठची गावे, आणि रोज पहाटे मुंबईकडे जाणारी नोकरदार-विद्यार्थ्यांची गर्दी असे हे गाव आहे. सफाळ्याहून कॉलेजला निघालेली एखादी विद्यार्थिनी गाडीत उभ्याउभ्या स्वतःचे छायाचित्र काढते आणि ते इतरांस पाठविण्यापूर्वी त्यावर काही ‘इफेक्ट’ लावून पाहते, हे दृश्य कल्पिण्यास मुळीच सायास पडत नाहीत. तिच्यासमोर तीन गोष्टी असतात. पहिली, लहान चौकोनांची एक ओळ : प्रत्येक चौकोनात तिचाच चेहरा, वेगवेगळ्या छटांत. दुसरी, छटेची मात्रा कमीअधिक करणारी सरकती पट्टी. तिसरी, चित्रावर बोट दाबून धरले असता संस्कारापूर्वीचे चित्र क्षणभर दाखविणारी सोय. बोट उचलले की मूळ चित्र पुन्हा झाकले जाते.

ह्या तिन्ही गोष्टी तांत्रिक वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येकीमागे अलंकाराविषयीची एक भूमिका दडलेली आहे. ती उघड करण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील काही जुने वाद उपयोगी पडतात.

२

२०१० मध्ये इन्स्टाग्राम हे अॅप आले. त्याच्या फिल्टरांच्या ओळीत पहिला चौकोन ‘नॉर्मल’ ह्या नावाचा असे. म्हणजे फिल्टर न लावणे हादेखील त्या ओळीतील एक पर्यायच होता, आणि तो सर्वांत आधी मांडलेला होता. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास येथे दंडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘काव्यादर्शा’त दंडीने अलंकारांची गणना करताना स्वभावोक्तीला आद्य अलंकाराचे स्थान दिले. वस्तू जशी आहे तशी सांगणे हाही एक अलंकार, आणि तोच पहिला. भामहाने स्वभावोक्तीचा उल्लेख ‘काहींचे मत’ म्हणून अलिप्तपणे केला होता. कुंतकाने मात्र ‘वक्रोक्तिजीविता’त ह्या मतावर थेट आक्षेप घेतला. त्याचा युक्तिवाद असा की, वस्तूचा स्वभाव हेच अलंकार्य होय; म्हणजे ज्यावर अलंकार चढवावयाचा ती गोष्टच स्वभाव. स्वभावच अलंकार झाला तर अलंकार चढणार कशावर?

‘नॉर्मल’ हा चौकोन ओळीत बसवून इंटरफेसने दंडीची बाजू घेतली आहे. ‘मूळ’ ही एक शैली आहे, असे तो सुचवितो. आजच्या कॅमेऱ्याचे कार्य पाहिले तर ह्या सूचनेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. भ्रमणध्वनीतील कॅमेरा एका दाबात अनेक चौकटी टिपून त्यांचे एकत्रीकरण करू शकतो, अंधाऱ्या जागा उजळतो, कण पुसतो, पांढऱ्याचा अर्थ काय हे स्वतःच ठरवितो. पडद्यावर ‘मूळ’ म्हणून जे येते ते गणिताने आधीच संस्कारिलेले असते. ‘फिल्टर लावलेले नाही’ असे अभिमानाने सांगण्याची प्रथा रूढ झाली तेव्हा अनलंकृतपणा हाही एक अलंकार ठरला होता.

ह्यातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. सर्वच प्रतिमा संस्कारित असतील, निखळ मूळ असे कोठेच नसेल, तर असत्याचा प्रश्नच कसा उद्भवतो? उत्तरसंरचनावादाच्या प्रभावाखालील बऱ्याच लेखनात हा निष्कर्ष गृहीत धरला जातो. त्यातील तर्कदोष मात्र साधा आहे. सर्व विधाने भाषेतूनच होतात, म्हणून सर्व विधाने सारखीच खरी किंवा सारखीच खोटी ठरत नाहीत. संस्कार सर्वत्र आहे हे मान्य केल्यावरही एका संस्कारात आणि दुसऱ्या संस्कारात काय फरक आहे, हे विचारण्याचे काम शिल्लक राहतेच.

कुंतकाचे महत्त्व येथे कळते. अलंकार्य आणि अलंकार ही प्रत्यक्षात वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्ये आहेत असे तो मानत नाही. सालंकार असे जे समग्र, तेच त्याच्या मते काव्य. तरीही काव्य समजून घेण्यासाठी दोहोंची बुद्धीने फोड करावी लागते. ह्या फोडीला तो ‘अपोद्धार’ म्हणतो. शब्द घडताना प्रकृती आणि प्रत्यय वेगळे नसतात, पण व्याकरण त्यांना वेगळे करून दाखविते. तसेच हे आहे. म्हणजे निखळ मूळ हाती लागणे ही अपोद्धाराची अट नाही. काय होते आणि त्यावर काय झाले, ह्यांतील अंतर पाहता येणे एवढीच त्याची अपेक्षा आहे.

बोट दाबून धरताच आधीचे चित्र दाखविणारी ती सोय म्हणजे इंटरफेसमध्ये उतरलेला अपोद्धारच होय. त्या क्षणी विद्यार्थिनीला दिसते ते अंतिम सत्य नसते. परंतु कोणता संस्कार तिने केला आणि कोणता तिच्या हाती आधीच येऊन पडला, ह्याचा निवाडा करण्याची शक्यता तिला मिळते.

अपोद्धार सर्वत्र लागू पडतो असे मात्र नाही. ह्याच जिल्ह्यातील वारली लग्नाचा चौक त्याची मर्यादा दाखवितो. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते. चौकाखालची भिंत हे त्या चित्राचे ‘मूळ’ नव्हे, आणि पांढऱ्या रेषा हा तिच्यावर चढविलेला ‘इफेक्ट’ नव्हे. आनंदवर्धनाने ध्वनिकाव्यातील अलंकाराविषयी घातलेली अट, तो वेगळ्या यत्नाने आणलेला नसावा ही, येथे सहज पूर्ण होते, कारण लिहिणे आणि विधी करणे ह्या दोन कृती नाहीतच. २०१६ मध्ये प्रिझ्मासारख्या अॅपनी कोणत्याही चित्राची शैली उचलून दुसऱ्या छायाचित्रावर पसरविण्याची युक्ती घरोघर नेली. त्या युक्तीने चौकाच्या रेषा एखाद्या सहलीच्या छायाचित्रावर ओतता येतील. तेव्हा मात्र त्या रेषा खरोखरच वरून चढविलेल्या असतील. यत्न शून्यावर आला तरी पृथकपणा शिल्लक राहतो. जेथे पृथकपणा आहे तेथे अपोद्धाराची मागणी रास्त आहे.

३

अलंकृत विधान असत्य का ठरत नाही? मुखाला चंद्र म्हणणारा कवी खोटे बोलतो असे कोणी म्हणत नाही. कारण ह्या व्यवहारात ऐकणाराही सामील असतो. मुख हे मुख आहे आणि चंद्र हा चंद्र आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. ह्या दृष्टीने अपह्नुती हा अलंकार विशेष विचारार्ह आहे. त्यात प्रस्तुत वस्तूचा निषेध करून दुसरीच वस्तू स्थापन केली जाते : हे मुख नव्हे, हा चंद्र. अपह्नुती म्हणजे लपविणे. परंतु ह्या लपविण्याची खुबी अशी की जे लपवावयाचे त्याचा उच्चार केल्याखेरीज ते लपविता येत नाही. ‘मुख नव्हे’ असे म्हणताना मुख हा शब्द वाक्यात येतोच. निषेध केलेली वस्तू वाक्याबाहेर गेली तर अपह्नुती उरत नाही. उरते ते केवळ चंद्राचे विधान, आणि तेथे चंद्र नसल्यामुळे ते असत्य असते.

फिल्टर लावलेली प्रतिमा करणाऱ्याकडे असते तोवर ती अपह्नुती असते. बोट दाबले की निषेध केलेली वस्तू पुन्हा उच्चारली जाते. प्रतिमा पाठविली की पाहणाऱ्याच्या पडद्यावर चौकोनांची ओळ नसते, सरकती पट्टी नसते, बोट दाबून काही दिसत नाही. वाक्याचा अर्धा भाग पाठविणाऱ्याकडे राहिला आणि उरलेला अर्धा पूर्ण वाक्य म्हणून पोहोचला, अशी ही स्थिती आहे. अपोद्धाराचा अधिकार एका बाजूला असणे आणि दुसऱ्या बाजूला नसणे, ही ह्या व्यवहारातील मूलभूत विषमता होय. नैतिक प्रश्न फिल्टरच्या मात्रेतून उद्भवतो असे सामान्यतः समजले जाते. थोडे चालेल, फार नको, असा त्याचा सूर असतो. वस्तुतः तो ह्या विषमतेतून उद्भवतो.

जुन्या स्टुडिओत ही विषमता इतकी तीव्र नव्हती. हाताने रंगविलेल्या छायाचित्रात रंगाचा हात दिसत असे. ओठांवरची लाली, शालूची किनार, मागचा रंगविलेला पडदा हे सारे रंगविलेले आहे, हे पाहणाऱ्यास समजत असे. ख्रिस्तोफर पिनी ह्या मानववंशशास्त्रज्ञाने १९९७ च्या ‘कॅमेरा इंडिका’ ह्या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास केला आहे. स्टुडिओत जाणारा माणूस केवळ हुबेहूब प्रतिकृतीसाठी जात नाही, स्वतःचे एक अधिक रूप घडविण्यासाठीही जातो, असे त्यातून दिसते. ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे दिली त्यांत सादृश्य आणि लावण्ययोजन ही दोन्ही आहेत. परंपरेने ह्या दोहोंना परस्परांचे वैरी मानले नाही. तेव्हा लावण्य जोडणे हा अपराध नव्हे.

मग अपराध केव्हा घडतो? येथे पुन्हा एका अलंकारभेदाकडे वळता येते. रुय्यकाने ‘अलंकारसर्वस्वा’त रूपकाहून वेगळा ‘परिणाम’ नावाचा अलंकार सांगितला. रूपकात आरोपित वस्तू प्रस्तुत वस्तूला केवळ रंग देते. परिणामात ती प्रस्तुत कार्यात उपयोगाला येते, तिच्याकडून काम करवून घेतले जाते. ‘इफेक्ट’ला मराठीत परिणाम म्हणावे आणि शास्त्रात हा शब्द आधीच ह्या अर्थाने वापरलेला असावा, हा योगायोग उद्बोधक आहे.

तांदुळवाडीच्या डोंगराचे पावसाळी छायाचित्र घ्यावे. त्याचा हिरवा रंग गडद केला, ढगांना निळी छटा दिली आणि ते मित्रांना पाठविले, तर तो रूपकाचा व्यवहार आहे. पाहणारा त्याला डोंगराची स्तुती म्हणून वाचतो आणि स्तुतीत अतिशयोक्ती असतेच हे जाणतो. तेच छायाचित्र, त्याच छटांसह, त्या परिसरातील भूखंडाच्या जाहिरातीत आले तर आरोपित हिरवेपणाकडून काम करवून घेतले जाते : त्याच्या बळावर कोणी पैसे मोजतो. प्रतिमेत एका कणाचाही बदल न होता रूपकाचा परिणाम झाला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलेच्या संकल्पनेची द्विध्रुवात्मकता मांडली, एक ध्रुव अलौकिकतेचा, दुसरा लौकिकतेचा. फिल्टर लावलेली प्रतिमा एका बोटाच्या हालचालीने ह्या ध्रुवाकडून त्या ध्रुवाकडे जाते, आणि ही जागा बदलल्याची कोणतीही खूण तिच्या अंगावर उमटत नाही.

४

डोंगरासंबंधी असलेली ही अडचण चेहऱ्यासंबंधी अधिक गंभीर होते. कारण डोंगर स्वतःचे छायाचित्र पाहत नाही.

चेहऱ्याला ‘सुंदर’ करणारे फिल्टर सामान्यतः त्वचा गुळगुळीत करतात, डोळे मोठे करतात, हनुवटी निमुळती करतात आणि वर्ण उजळवितात. ह्यातील शेवटच्या गोष्टीला इतिहास आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचा समतोल साधण्यासाठी कोडॅक कंपनीची जी प्रमाणपत्रके वापरली जात, त्यांवर दीर्घकाळ गौरवर्णी स्त्रीचेच चित्र असे, आणि तिची त्वचा नीट दिसली की छपाई नीट मानली जाई. सावळे चेहरे काळवंडून येत, आणि दोष यंत्राचा न ठरता चेहऱ्याचा ठरे. २०१७ मध्ये फेसअॅप ह्या अॅपमधील आकर्षक करणारा फिल्टर त्वचेचा वर्ण फिकट करतो असे लक्षात आले. कंपनीने क्षमा मागितली आणि ज्या प्रतिमांवरून यंत्राला शिकविले त्यांतील पक्षपात हे त्याचे कारण सांगितले. प्रमाणपत्रकावरील ती अनामिक गोरी स्त्री गणिताच्या रूपाने परत आली होती.

सफाळ्याच्या त्या विद्यार्थिनीकडे ह्या इतिहासासह पाहावे लागते. आगरी, कुणबी, भंडारी, मांगेला, वारली अशा अनेक समाजांच्या ह्या पट्ट्यात उन्हात राबणाऱ्यांचा वर्ण सावळा असणे ह्यात वेगळे काही नाही. तिने फिल्टर निवडला असे आपण म्हणतो. परंतु कित्येक भ्रमणध्वनींत चेहरा ‘सुधारण्याची’ योजना कॅमेरा उघडताच आपोआप चालू असे. ती बंद करणे हीच निवड होती. आणि त्या बटणाचे नाव ‘ब्यूटी’ असेल, तर ते बंद करणे म्हणजे काय नाकारणे, हेही भाषेने आधीच ठरविलेले असते. ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनसंबंधी जाहीर केले की चेहऱ्यावरील असा संस्कार मुळात बंद ठेवला जाईल आणि त्याच्या नावातून सौंदर्याचा निर्देश वगळून केवळ ‘रिटचिंग’ असा तटस्थ शब्द ठेवला जाईल. एका शब्दाचा हा बदल साहित्याच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटू नये. ‘ब्यूटी’ हे नाव अलंकार्याविषयी निर्णय देते : जे आहे ते सुंदर नाही. ‘रिटचिंग’ हे नाव केवळ कृती सांगते.

ह्याहून पुढची पायरी २०१५ मध्ये स्नॅपचॅटच्या ‘लेन्स’मुळे आली. येथे संस्कार छायाचित्रानंतर होत नाही, छायाचित्राआधी होतो. पडद्यात पाहताक्षणीच बदललेला चेहरा दिसतो आणि त्याचेच चित्र टिपले जाते. बोट दाबून पाहावे असे आधीचे चित्र मागे राहत नाही. आतापर्यंत पाहणाऱ्यालाच नाकारला गेलेला अपोद्धार येथे स्वतः करणाऱ्यालाही नाकारला जातो. स्टुडिओतून गिऱ्हाईक सुधारलेली प्रत घेऊन जाई, निगेटिव्ह मात्र स्टुडिओत राही. गिऱ्हाइकाच्या हाती नसले तरी ते कोठेतरी असे. येथे ते कोठेच नसते. आरशाचा उपयोग करावा तशी ती विद्यार्थिनी त्या पडद्याचा उपयोग करील, तर घरातील भिंतीवरचा आरसाच तिला परिणाम बिघडलेल्या प्रतिमेसारखा वाटू लागेल. अलंकाराने अलंकार्याची जागा घेतली तर खरोखरचे अलंकार्य दोषरूप दिसू लागते. कुंतकाचा प्रश्न, अलंकार चढणार कशावर, येथे तर्काचा राहत नाही. तो एका मुलीच्या स्वतःकडे पाहण्याचा प्रश्न होतो.

५

ह्या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पाहणाऱ्याला अपोद्धाराचा अधिकार द्यावयाचा, तर त्या मुलीच्या चेहऱ्यावरील प्रत्येक पुरळ आणि प्रत्येक डाग पाहण्याचा हक्क परक्यांस दिल्यासारखे होईल. विवाहासाठी फिरणाऱ्या छायाचित्रांतून मुलींची जी पारख होते ती ध्यानात घेता हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. फिल्टर हा अशा नजरेपासून मिळणारा आडोसाही असतो. जगाने सावळ्या रंगाला कमी लेखावे आणि मग तो रंग झाकणाऱ्या मुलीलाच असत्याचा दोष द्यावा, ही नीती नव्हे.

आक्षेप मान्य करूनच अधिकारांचा क्रम लावला पाहिजे. अपोद्धाराचा पहिला अधिकार प्रतिमा ज्याची आहे त्याचा. तो पाळण्याचे दायित्व इंटरफेस घडविणाऱ्यावर येते : संस्कार आपोआप चालू नसावा, त्याच्या नावात निवाडा नसावा, आणि आधीचे चित्र नष्ट होऊ नये. हे दायित्व निरपवाद आहे, कारण त्यात कोणाचाही आडोसा काढून घेतला जात नाही.

पाहणाऱ्याचा अधिकार दुय्यम आहे आणि तो प्रतिमेकडून कोणते काम करवून घेतले जाते ह्यावर अवलंबून आहे. रूपकाच्या क्षेत्रात, मैत्रीत आणि क्रीडेत, त्याला काहीच मागता येत नाही. संकेत दोघांनाही ठाऊक आहे एवढे पुरे. परिणामाच्या क्षेत्रात, जेथे प्रतिमेच्या बळावर विक्री होते, त्याला मागता येते. नॉर्वेने २०२२ पासून अमलात आणलेल्या नियमानुसार जाहिरातीतील व्यक्तीच्या शरीराचा आकार वा त्वचा बदलली असल्यास चित्रावर तशी खूण करणे बंधनकारक आहे. ही खूण अपह्नुतीतील ‘नव्हे’ हा शब्द परत आणते. काय नव्हे, हे ती सांगत नाही. त्यामुळे ती अपुरी आहे, परंतु वाक्य अर्धे आहे एवढे तरी तिच्यामुळे कळते. विवाहाचे छायाचित्र ह्या दोन क्षेत्रांच्या मध्ये पडते, आणि तेथे कोणताही नियम पुरा पडणार नाही. ज्या नजरेमुळे आडोशाची गरज निर्माण होते तिला उत्तरदायी धरल्याशिवाय आडोसा घेणाऱ्याकडून हिशेब मागता येणार नाही, एवढेच तेथे म्हणता येते.

कुंतकाने अपोद्धार सांगितला तो काव्य मोडून टाकण्यासाठी नव्हे. सालंकार समग्राचा आस्वाद त्याला अभिप्रेतच होता. फोड करता येते ह्याचे भान असलेला रसिकच ते समग्र समग्र म्हणून ग्रहण करू शकतो. फिल्टरलाही हेच लागू आहे. गाडी सफाळ्याहून सुटून वैतरणेच्या पुलावर येईपर्यंत ती विद्यार्थिनी दोनचार छटा लावून पाहील, एखादी ठेवील, पाठवूनही देईल. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. तिने चित्रावर बोट दाबले असता खाली तिचा स्वतःचा चेहरा असावा, आणि तो पाहून तिने बोट दचकून उचलू नये, एवढे सांभाळणे हे ती ओळ रचणाऱ्यांचे काम आहे, आणि तिच्याकडे पाहणाऱ्या सर्वांचेही.